डोळं उघडं ठेवा

रत्नाक्कांनी कॅमेरा वर उचलला की मला घाम फुटायचा. फोटो काढून घेताना कुणाला लाज वाटते, कुणाला आपलं पोट दिसेल याची काळजी असते. मला सरळसरळ भीती वाटायची. तिचं कारण गावात माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायची सोयही नव्हती.

मी मूळचा कंग्राळीचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीतलं, नाहीतर पावसाळ्यात भाताच्या वाफ्यातलं. नदी ही मला बसच्या खिडकीतून दिसणारी गोष्ट होती आणि तेवढीच ती मला पुरत होती. अशा माणसाला सरकारने नेमकं निपाणीच्या बाजूला, वेदगंगेच्या काठावरच्या मराठी शाळेवर नेऊन टाकलं. गावाला तीन बाजूंनी नदीचा वळसा. पलीकडे जायला एक बुटका बंधारा, आणि तो दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणार हे ठरलेलं. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात पाणी शाळेच्या पायरीला लागलं, तेव्हा मी हेडमास्तरांच्या टेबलावर चढून बसलो होतो. पाणी वीतभरसुद्धा नव्हतं. त्या वेळी मागच्या, कोरड्या बाजूच्या दारात उभं राहून माझा जो फोटो कुणीतरी काढला, तीच माझी आणि रत्नाक्कांची पहिली भेट.

"मास्तर, डोळं उघडं ठेवा," एवढंच त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पन्नाशी ओलांडलेली, काटकुळी बाई. लुगड्यावर पुरुषी शर्ट, त्याच्या एका खिशात जादा बॅटरी आणि दुसऱ्यात भाजलेले शेंगदाणे. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला, आणि या लहानपणी तिथल्याच एका फोटोवाल्याच्या दुकानात झाडलोट करायला. झाडता झाडता धंदा शिकल्या. घाटालगतच्या खोलगट गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. दहा बाय दहाची खोली, आकाशी पडदा, एक स्टूल आणि भिंतीवर बुद्धाचं चित्र. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणत, "माज्या लग्नात फोटो कुनी काडायचा?" आणि स्वतःच मोठ्याने हसत.

गावात घडणारं काहीही त्यांच्या कॅमेऱ्यातून सुटायचं नाही. जत्रेत पालखी नदीवर न्हायला जाई ती, बैलगाड्यांच्या शर्यती, तालमीची कुस्ती, शाळेतलं झेंडावंदन, पंचायतीच्या नव्या टाकीचं उद्घाटन. यांतलं काही नसेल तर घाटावर गोधड्या आपटणाऱ्या बायका, डुंबणाऱ्या म्हशी आणि पहाटे जाळं झाडणारे लोक. नदीचे त्यांनी हजारो फोटो काढले असतील, पण सगळे घाटाच्या शेवटच्या कोरड्या पायरीवरून. पाणी एक पायरी चढलं की त्याही एक पायरी वर सरकायच्या. पाण्याला पाय लावताना त्यांना कधी कुणी पाहिलं नव्हतं. लोक म्हणत, आक्का नदीला लई मानते.

दुसरी एक खोड होती. प्रत्येक समारंभात, सगळं आटोपल्यावर, त्या एकेकाला बाजूला ओढून एक जादा फोटो काढत. जत्रेच्या फडात आमच्या गावचा पैलवान जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, अंगावर लाल माती, डोक्याला फेटा, हलगी वाजतेय. रत्नाक्का मध्ये घुसल्या. "खाली उतर. सरळ उभा ऱ्हा. डोळं उघडं ठेव. हसू नगंस."

"आक्का, जिकलोय की मी! हसू तरी द्या."

"हसल्यालं धा काडल्यात. मला एक बिनहसल्याला पायजे."

तो बिचारा शाळेत उभा केल्यासारखा गुपचूप उभा राहिला. हा जादा फोटो त्या कुणाला देत नसत आणि त्याचे पैसेही घेत नसत. गावाने ती एका हट्टी बाईची लहर म्हणून सोडून दिली होती. मीही सोडून दिली असती.

एकदा परीक्षेच्या अर्जांना लावायचे मुलांचे फोटो आणायला मी स्टुडिओत गेलो. दुपारची वेळ होती. त्या मागच्या बाजूला भाकरी खात होत्या. "घ्या मास्तर, त्या फळीवरच्या डब्यात हाईत," त्यांनी आतूनच सांगितलं. फळीवर दोन डबे होते. मी चुकीचा काढला.

तो बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता. आत घराघराप्रमाणे लावलेली पाकिटं. मी एक उघडलं. भिंतीवर टांगायच्या आकाराचा, छातीपर्यंतचा, कोरा चेहरा. दुसऱ्यात तसाच. तिसऱ्यात तसाच. मागे पार्श्वभूमी नाही, तोंडावर हसू नाही, डोळे टक्क उघडे. काही पाकिटं रिकामी होती आणि त्यांच्यावरच्या नावांची माणसं मला माहीत होती. गेल्या दिवाळीनंतर वारलेले परसूआण्णा. तापाने गेलेली धोंडूची सून. त्यांच्या घरी मी भेटायला गेलो होतो, आणि हार घातलेले फोटो बघून, किती छान फोटो आहे हो, असं म्हणालोही होतो. मी पाकिटं चाळत राहिलो, आणि अगदी शेवटी 'मास्तर, कंग्राळी' असं लिहिलेलं पाकीट सापडलं.

आत मी होतो. टेबलावर चढलेला मी नव्हे, नुसता चेहरा. त्यांनी टेबल कापून टाकलं होतं.

मागे वळलो तर रत्नाक्का दारात, हातात भाकरीचा तुकडा. त्या रागावल्या नाहीत. स्टुलावर बसल्या, तुकडा संपवला आणि शर्टाला हात पुसले.

"माजा थोरला भाऊ हुता, किसन," त्या म्हणाल्या. "पुरात नदी वलांडताना काहिलीतनं पडला. चार दिसांनी घावला. घरात त्येचा एक फोटो न्हवता. मग कुनाच्या तरी लग्नातला घोळक्यातला फोटो आनला आनि त्यातनं त्येला कापून काडला. डोळं अर्धं मिटल्यालं. आनि खांद्यावर दुसऱ्याच कुनाचा तरी हात. तसाच फोटो भितीवर लावला. आई मरस्तवर त्येच्यापुढं बसून इचारायची, रत्ना, ह्यो हात कुनाचा गं?"

त्यांनी माझ्या हातातलं पाकीट घेऊन डब्यात परत ठेवलं.

"मिटल्या डोळ्याचा फोटो हाराला चालत न्हाय मास्तर. बगणाऱ्याकडं माणसानं बगाय पायजे. म्हनून काडून ठेवतो. कुनाच्या घरात तसं हुयाला नगं."

"पण माझा कशाला?"

"तुमी बी माणूसच की." आणि डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "तुमास्नी पवाय येत न्हाय. तुमचं दोन काडल्यात."

हे कुणाला सांगू नका, असं त्यांनी मला बजावलं. मी कुणाला सांगणार होतो? त्या दिवसापासून कॅमेरा माझ्याकडे वळला की मी कुणाच्या तरी पाठीमागे सरकायचो. पैलवानाला, सरपंचाला, माझ्या वर्गातल्या पोरांना त्या सरळ उभं करायच्या तेव्हा मी दुसरीकडे बघायचो. माझ्या डोळ्यांना त्या चेहऱ्यांभोवती हार दिसू लागले होते.

आता काहिलीचं सांगायला हवं. आमचा तो सगळा भाग उसाचा. गुऱ्हाळात रस आटवायची जी थोरली गोल लोखंडी कढई असते ती काहील. बंधारा बुडाला की हीच काहील आमची नाव व्हायची. माणसं तिच्यात उकिडवी बसायची आणि पट्टीचे पोहणारे कडेला धरून ती ढकलत पलीकडे न्यायचे. गावातली काहील म्हादाप्पाची, आणि ढकलणाऱ्यांचा म्होरक्याही तोच. सात-आठ माणसं नीट मावत. काहिलीत बसणाऱ्या प्रत्येकाचा फोटो रत्नाक्का काठावरून काढत असत, आणि का काढत असत ते मला आता कळलं होतं.

एका पावसाळ्यात मधोमध काहील कलंडली आणि नऊ माणसं पाण्यात पडली. बुडालेल्या उसाचे शेंडे आणि एका बाभळीच्या फांद्या धरून नऊच्या नऊ वाचली. गाव आनंदाने वेडं झालं. मग एक म्हातारी बोलून गेली, "आक्कानं फोटो काडल्याला हुता न्हवं? नदी हात लावत न्हाय त्या माणसाला." झालं. ते वारं गावभर पसरलं. पुढच्या पुरात फोटो काढल्याशिवाय कुणी काहील सोडू देईना. नव्या नवऱ्या नदीची ओटी भरायच्या आधी फोटोला येऊ लागल्या. एकाने तर म्हशीचा फोटो काढून घेतला.

आणि फोटो काढला म्हणजे नदीची भीती राहिली नाही, असं धरून लोक आठाच्या जागी दहा बसू लागले, दहाच्या जागी बारा.

रत्नाक्का सांगायच्या, "आरं, फोटोनं काय हुतंय? कमी बसा." लोक हसायचे. म्हादाप्पा म्हणायचा, "आक्का, तुमी तुमचं काम करा, मी माजं करतो." एकदा घाटावर आम्ही दोघंच होतो. त्या नदीकडे बघत म्हणाल्या, "ह्या घाटावर माज्या आईला घागर बुडवू देत न्हवती ही माणसं. आता माज्याबिगर पाण्यात उतरत न्हाईत. मला बरं बी वाटतंय मास्तर. त्येचंच भ्या वाटतंय." त्यांचे हात शर्टाच्या खिशात होते आणि शेंगदाण्यांची टरफलं आत चुरल्याचा आवाज येत होता.

मग तो पावसाळा आला. सहा दिवस पाऊस थांबला नव्हता. बंधारा कधीच गेला होता. खालच्या आळीत घरात पाणी शिरलं, आणि स्टुडिओच्या गल्लीत गुडघाभर झालं. सरकारी बोट दुपारपर्यंत येईल असा निरोप होता, पण असे निरोप आम्ही पूर्वीही ऐकले होते. सकाळी म्हादाप्पाने काहील घाटाच्या वरच्या पायरीला लावली. माणसं धावली. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात शेळीची दोरी, कुणाच्या डोक्यावर पेटी. म्हादाप्पाची सून चार महिन्यांचं बाळ घेऊन मधोमध बसली.

मला नदीत जायची भीती वाटत होती आणि गावात राहायची त्याहून जास्त. मी बसलो. मी पंधरावा होतो. काहिलीची कड पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं उरली होती. माझा डावा हात बाहेर होता आणि बोटांना नदी लागत होती. थंडगार, ओढणारी. पंधरा पाकिटं माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मी असा अंग चोरून बसलो की शेजारच्याने विचारलं, "मास्तर, थंडी वाजतीय व्हय?"

सगळ्यांची तोंडं काठाकडे वळली. रत्नाक्का छत्रीखाली उभ्या होत्या, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बराच वेळ लावून धरला. आणि खाली घेतला.

"मी न्हाय काडत."

"आक्का, चेष्टा करायची ही येळ हाय व्हय?" म्हादाप्पा पाण्यातून ओरडला.

"आठ माणसं ठेव, बाकीची उतरव. मग काडतो."

"बोटीचा भरवसा न्हाय. पाणी चडाय लागलंय. काडा म्हंतोय न्हवं!"

बायका हात जोडू लागल्या. कुणी शिव्या दिल्या. फोटोवाचून काहील सोडायची हिंमत मात्र कुणाची होईना, खुद्द म्हादाप्पाचीही नाही. रत्नाक्कांनी एकवार सगळ्यांकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी छत्री टाकली, लुगडं वर खोचलं आणि स्टुडिओच्या गल्लीतल्या पाण्यात पाय घातला. त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, मांजराच्या पिलाचा असतो तसा. भिंतीला दोन्ही हात लावत, पाऊल पाऊल चाचपत त्या आत गेल्या आणि डोक्यावर पत्र्याचा डबा घेऊन परत आल्या.

पायरीवर बसून त्यांनी डबा उघडला आणि एकेकाचं पाकीट एकेकाच्या हातात दिलं. "बगा. ह्यो हार घालायचा फोटो हाय. तुमी मेल्यावर तुमच्या घरी द्यायला काडलाय. नदी आडवायला न्हवं, नदीनं न्हेल्यावर भितीवर लावायला. माज्या किसनाचा न्हवता म्हनून काडत आलो. परसूआण्णाचा ह्यातलाच. धोंडूच्या सुनंचा ह्यातलाच. आता आनि काडू का? सांगा!"

म्हादाप्पाच्या सुनेने पाकीट उघडलं. बाळाच्या बारशाला काढलेला फोटो होता तो. इवलासा चेहरा, मोठ्या आकारात, डोळे उघडे. ती जी किंचाळली ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. बाळाला पोटाशी धरून ती काहिलीतून उतरली. तिच्यामागे एकेक करून सगळे उतरले. मी कसा उतरलो ते मला आठवत नाही. पायरीवर ओकलो, एवढं आठवतं.

दुपारी सरकारी बोट आली. तीन खेपांत सगळे पलीकडच्या छावणीत गेले. संध्याकाळी पाऊस थांबला आणि पाणी उतरू लागलं. काहील तिथेच पायरीला बांधलेली, हेलकावे खात. पंधरा माणसं घेऊन ती गेली असती की बुडाली असती, हे कुणालाच कधी कळलं नाही, आणि त्यातच रत्नाक्कांचा घात झाला. छावणीत दुसऱ्याच दिवशी कुजबुज सुरू झाली. उगाच भ्या घातलं. बोट आलीच की. आणि ही बाई इतकी वर्षं आमच्या पोराबाळांचं मरण डब्यात घालून बसलीती. काहींनी आपापले फोटो चुलीत घातले. म्हादाप्पाच्या सुनेने बाळाची दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या स्टुडिओच्या दारात टाकल्या. पुढच्या लग्नांना संकेश्वरचा फोटोवाला ड्रोन घेऊन येऊ लागला. रत्नाक्का घाटावर दिसल्या की बायका पोरांच्या तोंडावर पदर घेत.

मी काय केलं? काही नाही. मला आधीपासून ठाऊक होतं, असं सांगितलं तर गाव माझ्यावरही उलटेल याची मला भीती वाटली. त्या पंधरांत मी होतो, जीव वाचला असेल तर माझाही वाचला होता, आणि मी पारावर बसून लोकांचं बोलणं मुकाट्याने ऐकत राहिलो. याची मला लाज वाटते. लिहून ती जाईल असं मला वाटत नाही.

पावणेदोन वर्षांनी माझी बदली खानापूरकडे झाली. उन्हाळा होता, नदी बंधाऱ्याखालून आवाजसुद्धा न करता वाहत होती. सामान गाडीत चढवून मी निरोप घ्यायला घाटावर गेलो. रत्नाक्का शेवटच्या कोरड्या पायरीवर बसल्या होत्या. खिसे रिकामे, पण शर्टाला इस्त्री केलेली.

"चाललासा?"

"चाललो, आक्का."

"मग एक काम करा. माजा एक फोटो काडा."

"कशाला आक्का? आत्ताच कशाला?"

"आख्ख्या गावाचा काडला. माजा कुनी काडल्याला न्हाय. आनि आता ह्या गावात माजा काडनार कोन?"

मी त्यांच्या कॅमेऱ्याकडे हात केला. त्यांनी तो मागे घेतला. "ह्येच्यात नगं. मी गेल्यावर मी छापनार हाय व्हय? तुमच्या फोनवर काडा. तुमच्याजवळ ऱ्हाऊ दे."

त्यांनी पदर सारखा केला. शर्टाचं वरचं बटण लावलं. "छातीपत्तोर घ्या. मागं नदी नगं." मग त्या सरळ बसल्या आणि हसल्या नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांना बसवलं तशा बसल्या. फोनच्या चौकटीत तो काटकुळा चेहरा माझ्याकडे रोखून बघत होता. मी दाबलं.

पडद्यावर बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"डोळं उघडं हाईत न्हवं?" त्यांनी विचारलं. मी फोन पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवलं. "मी न्हाय बगत. भ्या वाटतंय. तुमीच सांगा."

मिटल्या डोळ्यांचा फोटो हाराला चालत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"हाईत, आक्का," मी म्हणालो. "चांगलं उघडं हाईत."

त्यांनी मान हलवली आणि बटण सोडलं. गाडी बंधाऱ्यावर चढली तेव्हा मी वळून बघितलं. त्या तिथेच पायरीवर होत्या, पाण्यापासून पाय आखडून. मी दुसरा फोटो काढला नाही.